गोठणगावचे शेजारी आणि फायरवॉलची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना जे अडखळणं झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय फायरवॉल. पण सुरुवात करणार आहे गोठणगावपासून.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. नाव नॉर्गेलिंग, पण आपल्याकडे सगळे तिबेटी कॅम्पच म्हणतात. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळा भंडारा होता. म्हणून अजूनही तिबेटी लोकांच्या यादीत ही ‘भंडारा वसाहत’ म्हणून ओळखली जाते. धानाच्या बांध्यांच्या शेजारी प्रार्थनेच्या पताका फडफडतात, हे दृश्य या भागातल्या पोरांना नवीन नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅम्पचा आणि फायरवॉलचा काय संबंध? संबंध असा, की भारतातल्या अशा सगळ्या तिबेटी वसाहतींचा कारभार जिथून चालतो, त्या धरमशालेतल्या कार्यालयांच्या कॉम्प्युटरवर जे घडलं आणि २००९ मध्ये जगासमोर आलं, त्यातून फायरवॉल काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे जितकं स्वच्छ कळतं, तितकं माझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून कळलं नव्हतं. ती गोष्ट समजायला आधी थोडं मागे जाऊ.

भिंत का लागली?

इंटरनेट जन्माला आलं तेव्हा त्याला दारं-खिडक्या नव्हत्याच. विद्यापीठं, संशोधन संस्था, एकमेकांना ओळखणारे लोक. गावात कसं, दुपारी दार उघडं टाकून लोक शेतावर जातात, तसं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम नेटवर्कवर सोडला. तो स्वतःच्या प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उड्या मारत गेला. त्या काळी इंटरनेटवर सुमारे ६०,००० कॉम्प्युटर होते. त्यातले अंदाजे ६,००० ठप्प झाले. मॉरिसने काही चोरलं नव्हतं, काही पुसलंही नव्हतं. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली: एका घराला लागलेली आग सगळ्या गावात पसरू शकते, कारण मध्ये काहीच नाही.

‘फायरवॉल’ हा शब्द मुळात बांधकामातला. दोन घरांच्या मधली अशी जाड भिंत, की एकीकडे आग लागली तर दुसरीकडे जाऊ नये. आपल्या भागात हीच कल्पना जंगलात दिसते. उन्हाळा लागायच्या आधी वनखातं नवेगावच्या जंगलात जाळरेषा काढतं. म्हणजे एका पट्ट्यातला पालापाचोळा आधीच जाळून, साफ करून ठेवायचा. वणवा आला की तिथे त्याला खायला काही मिळत नाही. जाळरेषेने वणवा लागायचा थांबत नाही, तो पसरायचा थांबतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

गेटवरचा माणूस

आता फायरवॉल करते काय? इंटरनेटवर जे काही जातं-येतं, ते छोट्या छोट्या पाकिटांतून. तुमचा व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोसुद्धा शेकडो पाकिटांत तुटून जातो. प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं: कुठून आलं, कुठे चाललंय, आणि कुठल्या ‘पोर्ट’वर, म्हणजे पोहोचल्यावर कुठल्या खिडकीवर जायचंय. वेबसाइटची खिडकी ८० किंवा ४४३ नंबरची, ईमेल पाठवायची २५ नंबरची, असं.

पहिल्या पिढीची फायरवॉल १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. अमेरिकेतल्या डेक या कॉम्प्युटर कंपनीतल्या इंजिनिअरांनी तिच्यावर बरंच सुरुवातीचं काम केलं. ती फक्त पाकिटावरचा पत्ता वाचायची. तिच्याजवळ नियमांची यादी. या पत्त्यावरून आलं तर सोड, त्या खिडकीवर चाललं असेल तर अडव. आणि यादीच्या शेवटी सगळ्यात महत्त्वाचा नियम: वर ज्याचं नाव नाही, त्याला प्रवेश नाही. आजही कामावर मी जेव्हा फायरवॉलचे नियम बघतो, तेव्हा आधी ही शेवटची ओळ आहे का ते बघतो. ती नसेल तर बाकी यादी म्हणजे नुसती शोभा.

पण या पहिल्या फायरवॉलला एक अडचण होती. तिला आठवण नव्हती.

ही अडचण समजायला झाडीपट्टीचं नाटक बघा. दिवाळीनंतर मंडई लागते, रात्री नाटक. गेटवर माणूस उभा असतो, तिकीट बघून आत सोडतो. मध्यंतरात तुम्ही चहा प्यायला बाहेर जाता आणि परत येता. गेटवरच्या माणसाला आठवण नसेल, तर दोनच मार्ग: एक तर तो तुम्हाला परत आत घेणारच नाही, नाहीतर ‘मी आतलाच आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला घेईल. आणि मग अर्धं गाव फुकटात नाटक बघेल. शहाणा गेटकीपर काय करतो? कोण बाहेर गेलं ते लक्षात ठेवतो, आणि त्यालाच परत घेतो.

फायरवॉलला ही आठवण १९९० च्या दशकात आली. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने, गिल श्वेड आणि त्यांच्या साथीदारांनी, १९९४ च्या सुमारास ‘फायरवॉल-१’ नावाचं प्रॉडक्ट बाजारात आणलं. तंत्राचं नाव स्टेटफुल इन्स्पेक्शन. आतल्या कॉम्प्युटरने स्वतःहून बाहेर कुणाशी बोलणं सुरू केलं असेल, तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं. बाहेरच्याने आगंतुकपणे दार वाजवलं, तर नाही. तुमच्या घरच्या वायफाय राउटरमध्येसुद्धा आज साधारण हीच पद्धत असते. तुमच्या फोनला घरात जो १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो फक्त घरापुरता. बाहेरच्या जगातून त्या पत्त्यावर थेट कुणी येऊच शकत नाही.

ऐकायला भारी वाटतं ना? पण वरचं वाक्य परत वाचा: आतल्याने स्वतःहून बोलणं सुरू केलं, तर उत्तर आत येऊ द्यायचं. सगळी गोम इथे आहे. बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या बिल चेसविकने १९९० मध्येच इशारा दिला होता, की अशी नेटवर्कं बाहेरून टणक आणि आतून मऊ असतात. एकदा कुणी कवच ओलांडून आत आलं, की त्याला अडवणारं काही नसतं.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. आणि तीनच वर्षांत आपल्या मुंबईला पहिला झटका बसला. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जून १९९८ मध्ये ‘मिलवर्म’ नावाचा, वेगवेगळ्या देशांतल्या पोरांचा एक हॅकर गट निषेध म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये घुसला. त्यांनी ईमेल्स उचलल्या आणि वेबपेज बदललं. त्या काळी धोका कसा दिसायचा, तर असा: बाहेरचा कुणीतरी भिंत चढून आत येतो. त्यामुळे उपायही तसाच. भिंत उंच करा.

धरमशालेत काय झालं

आता आपल्या मूळ गोष्टीवर येऊ.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि पुढे धरमशालेत निर्वासित तिबेटी प्रशासन उभं राहिलं. गोठणगावसारख्या वसाहतींचं काम, शाळा, कागदपत्रं, परदेशातल्या कचेऱ्यांशी पत्रव्यवहार, सगळं हळूहळू कॉम्प्युटरवर गेलं. २००८ च्या सुमारास तिथल्या लोकांना शंका यायला लागली, की आपल्या ईमेलमधल्या गोष्टी दुसऱ्याच कुणाला आधी कळतायत.

मग तपास झाला. टोरोंटो विद्यापीठाशी संबंधित ‘इन्फॉर्मेशन वॉरफेअर मॉनिटर’ या गटाने जून २००८ ते मार्च २००९ असा तपास केला. ग्रेग वॉल्टन प्रत्यक्ष तिबेटी कचेऱ्यांत जाऊन बसला. शिशिर नागराज आणि केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनीही वेगळा अहवाल लिहिला. २९ मार्च २००९ ला टोरोंटोचा अहवाल बाहेर आला आणि जगाला एक नाव कळलं: घोस्टनेट. १०३ देशांतले किमान १,२९५ कॉम्प्युटर कुणाच्या तरी ताब्यात होते. त्यातले जवळजवळ ३० टक्के परराष्ट्र खाती, दूतावास, आंतरराष्ट्रीय संस्था अशा महत्त्वाच्या ठिकाणचे. भारताचे परदेशातले दूतावाससुद्धा त्या यादीत होते. एक कॉम्प्युटर सरासरी १४५ दिवस ताब्यात राहत होता. जवळजवळ पाच महिने, आणि वापरणाऱ्याला पत्ता नाही!

आता प्रश्न: हे लोक भिंत चढून आले का? नाही. त्यांना आतल्यांनीच दार उघडून दिलं, अगदी नकळत. ईमेल यायची, ओळखीच्या संस्थेच्या नावाने, तिबेटी विषयावरची. सोबत एक वर्डची फाइल. फाइल उघडली की कागद दिसायचा, आणि त्याच्या मागे गुपचूप एक प्रोग्रॅम बसायचा. असाच एक नमुना तपासकर्त्यांनी ३४ अँटिव्हायरसना दाखवला, तर फक्त ११ जणांनी त्याला ओळखलं.

यापुढची चाल बघा. तो प्रोग्रॅम बाहेरून कुणी आत येईल म्हणून वाट बघत बसायचा नाही. तो आतून स्वतः बाहेर संपर्क करायचा, एखादी वेबसाइट उघडावी तसा. फायरवॉलने काय केलं असेल? नियम वाचला: आतल्याने बोलणं सुरू केलंय, जाऊ दे. उत्तर आलं, ते आत घे. गेटकीपर बिचारा आपलं काम चोख करत होता. पण नाटकातला नटच चोर निघाला, तर गेटकीपर काय करणार? त्या उत्तरातून हुकूम यायचे: ‘घोस्ट रॅट’ नावाचं साधन उतरवून घे, या फाइली पाठव. त्या साधनाने मायक्रोफोन आणि कॅमेरासुद्धा चालू करता यायचा.

आणि पकडलं कसं? भिंतीकडे बघून नाही. तपासकर्त्यांनी दलाई लामांच्या कार्यालयातून बाहेर जाणारी पाकिटं पकडून वाचली. त्यात कागदपत्रं बाहेर जाताना प्रत्यक्ष दिसली. त्यातला एक कागद चीनशी बोलणी करणाऱ्या प्रतिनिधींच्या भूमिकेबद्दलचा होता. पुढे तर नार्ट विलेनव्ह या तपासकर्त्याला हल्लेखोरांचं कंट्रोल पॅनलच इंटरनेटवर सापडलं, त्याला पासवर्डसुद्धा नव्हता. दुसऱ्याचं घर फोडणाऱ्याचं स्वतःचं दार उघडं!

यामागे नेमकं कोण, याबद्दल टोरोंटोच्या अहवालाने चीन सरकारचं नाव ठामपणे घेतलं नाही. बरेचसे धागे चीनमध्ये जात होते एवढं दाखवलं. चीनने आरोप फेटाळले.

हे सगळं तांत्रिक वाटत असेल तर त्याच अहवालातली एक हकीकत सांगतो. धरमशालेत एका इंटरनेट उपक्रमात दोन वर्षं काम केलेली एक तिबेटी तरुणी आपल्या गावी, तिबेटात परत निघाली. नेपाळच्या सीमेवर तिला अटक झाली, दोन महिने डांबून ठेवलं. मी राजकारणात नव्हते, असं तिने सांगितलं. तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी तिच्यापुढे तिच्याच इंटरनेट चॅटची कागदं ठेवली. वर्षानुवर्षांची, शब्दन् शब्द.

नेटवर्क सिक्युरिटीवर बोलताना आपण डेटा, डेटा म्हणतो. डेटा म्हणजे हे. ज्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे राहिलेत, त्यांच्यासाठी एका ईमेलमधलं एक नाव म्हणजे कुणाच्या तरी काकाची नोकरी, कुणाच्या तरी बहिणीची अटक. गोठणगावच्या कॅम्पमधल्या घराघरांतही असे काका आणि अशा बहिणी आहेत, हे शेजारी म्हणून आपल्याला कळायला हवं.

पुण्यातली भिंत

हे फक्त तिबेटी लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची एटीएम यंत्रणा. तुम्ही एटीएममध्ये कार्ड टाकलं, की बँकेतल्या मुख्य यंत्रणेला विचारणा जाते: याच्या खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी आत मालवेअर बसवून ही विचारणा मध्येच वळवली. मुख्य यंत्रणेपर्यंत ती पोहोचायचीच नाही, एक खोटी यंत्रणा परस्पर ‘आहेत, द्या’ म्हणायची. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून हजारो व्यवहार झाले. भारतात, अगदी आपल्या कोल्हापुरातूनही पैसे निघाले. दोन दिवसांनी १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढच्या वर्षी आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

इथे परत तोच धडा, मोठ्या आकड्यात. बाहेरची भिंत ओलांडून एकदा आत पाय टाकला, की मग आत कितीशा भिंती आहेत यावर सगळं ठरतं. म्हणजे आपली जाळरेषा! जंगलाच्या फक्त कडेने जाळरेषा काढून भागत नाही, आतसुद्धा पट्टे लागतात. नेटवर्कचंही तसंच. हिशेबाचे कॉम्प्युटर वेगळे, एटीएमची यंत्रणा वेगळी, पाहुण्यांचं वायफाय वेगळं, आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी विचारणा. आत आहे म्हणून आपलाच आहे, असं धरायचं नाही. आमच्या धंद्यात याला ‘झिरो ट्रस्ट’ म्हणतात. नाव नवीन आहे, अक्कल जुनी आहे.

आणि आता तुमच्या हातातला फोन

फायरवॉलची कल्पना एका गोष्टीवर उभी होती: आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, हे माहीत असणं. ऑफिसची इमारत, त्यातले कॉम्प्युटर, एक दार. फोन आला आणि ही हद्दच पुसली. सकाळी घरच्या वायफायवर, दुपारी कॉलेजच्या, प्रवासात मोबाइल डेटावर. भिंत एका जागी उभी, आणि तुम्ही दिवसभर फिरतीवर.

हल्लेखोरांनाही हे कळलं. नोव्हेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात तिबेटी संस्थांमधल्या वरिष्ठ लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले. पलीकडचा माणूस पत्रकार किंवा संस्थेचा कार्यकर्ता म्हणून बोलायचा, आधी गप्पा, मग एक लिंक. टोरोंटोच्याच सिटिझन लॅबने सप्टेंबर २०१९ मध्ये यावर अहवाल काढला. एका क्लिकवर फोन ताब्यात जाईल, अशी ती लिंक होती. काही जणांनी क्लिक केलंही. पण त्यांचे फोन वाचले. कशामुळे? त्यांच्या फोनमधल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लिंकला हवी असलेली जुनी त्रुटी उरली नव्हती. म्हणजे ‘नंतर करू’ म्हणून आपण जे अपडेट ढकलत राहतो ना, तेच भिंत बनून उभं राहिलं होतं.

तिबेटी समाजाने यातून जे केलं, ते मला सगळ्यात आवडतं. महागडी फायरवॉल सगळ्यांना परवडत नाही. म्हणून त्यांनी माणसं शिकवली. तिबेट अ‍ॅक्शन इन्स्टिट्यूटने एक मोहीम चालवली, अटॅचमेंटपासून अलिप्त राहा अशी. बौद्ध धर्मात आसक्ती सोडायला सांगतात, इंग्रजीत आसक्तीलाही अटॅचमेंट म्हणतात आणि ईमेलसोबतच्या फाइलीलाही. भिक्खूंना हा विनोद लगेच कळला! फाइल जोडून पाठवू नका, जोडून आलेली उघडू नका. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचं टिबसर्ट नावाचं पथकही उभं केलं, कुणावर असा हल्ला झाला तर इतरांना लगेच कळावं म्हणून. ही माणसांची जाळरेषाच झाली.

आता आपल्याकडे बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. पीएम किसानच्या नावाने येते, गाडीच्या चलानच्या नावाने येते. धरमशालेतली ती वर्डची फाइल आणि ही एपीके, दोघी सख्ख्या बहिणी. ओळखीचं नाव, ओळखीचा विषय, आणि उघडणारा हात आपलाच. एकदा ती इन्स्टॉल झाली की आपल्याच फोनमधून बाहेर बोलायला लागते, आणि कुठलीही साधी फायरवॉल तिला आपलं माणूस समजून जाऊ देते.

म्हणून चार कामं. एक, फोन आणि राउटर दोन्ही अपडेट ठेवा, आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. दोन, कॉम्प्युटरमधली फायरवॉल ‘गेम स्लो होतो’ म्हणून बंद करू नका. तीन, पत्रिका असो की पावती, एपीके आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, कारण बऱ्याचदा त्याचाच फोन आधी फुटलेला असतो. चार, पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर, तितकी पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

आणि महिन्यातून एकदा तरी सेटिंगमध्ये जाऊन कुठलं अ‍ॅप किती डेटा वापरतंय ते बघा. टॉर्चचं अ‍ॅप शेकडो एमबी कुठे पाठवतंय, हा प्रश्न विचारायला बी.टेक. लागत नाही. घोस्टनेट पकडणाऱ्यांनीही शेवटी हेच विचारलं होतं: आपल्या घरातून हे बाहेर काय चाललंय?

पुढच्या एपिसोडमध्ये पासवर्डचा इतिहास. तोवर हा एपिसोड घरातल्या त्या एका माणसाला पाठवा, जो प्रत्येक लिंकवर क्लिक करतो. प्रत्येक घरात असतोच. भेटू!